मसाल्याच्या डब्यात सहा जणींच्या गोळ्या

मित्रांनो, मसाल्याचा एक जुना डबा तुमच्याशी बोलतो आहे. नाक मुरडू नका. नाक मुरडणे हे माझे काम आहे आणि ते मी आयुष्यभर मन लावून करत आलो आहे. मी स्टीलचा आहे, गोल आहे आणि माझ्या पोटात सात वाट्या आहेत, सहा कडेने आणि एक मधोमध. झाकणावर 'सरजाबाई' असे नाव कोरलेले आहे, कारण आमच्या परभणीत नाव घातल्याशिवाय भांडे घरचे झाले असे कोणी मानत नाही.

मी पत्रा होतो तेव्हाचे मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती भांड्यांच्या दुकानातल्या वरच्या फळीची आणि धुळीची. सरजाबाईंनी मला खाली काढायला लावले, बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि घरी आणले. पुढची वीस-बावीस वर्षे मी त्यांच्या चुलीशेजारी सुखात काढली. जिरे, मोहरी, हळद, तिखट, धने, काळा मसाला आणि मधल्या वाटीत हिंगाची पुडी. शेजारणी म्हणत, "सरजाबाईच्या डब्याला नावालाबी डाग न्हाई." हे ऐकून मी ताठ बसत असे. कोणी हळदीचा चमचा जिऱ्यात बुडवला की मला दिवसभर कसेतरी होई. असा मी सोवळा. आणि माझ्याच पोटात पुढे काय काय आले ते ऐका.

सरजाबाईंची लेक संघप्रिया सहली घेऊन जाऊ लागली. ती कोणाच्या नोकरीत नाही. टूरवाले बस आणि हॉटेल ठरवतात, प्रवासी गोळा करतात आणि त्यांना सांभाळून नेऊन आणायला तिला त्या एका सहलीपुरते बोलावतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि सीमेपलीकडे नेपाळात लुंबिनी. तिच्याबरोबर परभणी, जिंतूर, सेलूकडची चाळीस माणसे असत. त्यांत निम्म्या म्हाताऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडलेल्या. त्यांच्या गोळ्या असायच्या कनवटीला, पिशवीत नाहीतर पोलक्यात, घामाने भिजलेल्या. पहिल्याच सहलीत एक जण गोळ्या धर्मशाळेत विसरली. तेव्हा दुसऱ्या सहलीच्या आदल्या दिवशी संघप्रियाने मला उचलले, माझ्यातले जिरे-मोहरी आईच्या बरण्यांत ओतले आणि मला लिंबाने घासले.

मग सहल निघाल्यावर तिने कात्री घेतली. ज्या सहा जणींना आपल्या गोळ्या सांभाळता येत नव्हत्या, त्यांची पाकिटे कापून एक-एक गोळी सुटी केली आणि एकेका वाटीत भरली. कापताना गोळ्यांची नावे अर्धी अर्धी झाली आणि केरात गेली. कोणती वाटी कोणाची, हे तिच्या डोक्यात. कागदावर काही नाही. मित्रांनो, तो कडवट, खडूसारखा वास माझ्या अंगाला लागला तो आजवर गेलेला नाही. हिंगाच्या वाटीत खोकल्याच्या गोळ्या! मला शिसारी आली. पण रोज सकाळी चहानंतर त्या सहा जणी माझ्याभोवती गोल करून बसत, हात पुढे करत आणि संघप्रिया वाढल्यासारखी गोळ्या वाढत जाई. "आमची लेक सुद्धा इतकं करत न्हाई गं माय," असे त्या म्हणत. कौतुक कोणाला आवडत नाही? तिलाही आवडायचे. मीही ते पोटात घालत गेलो.

त्याच सहलीतली एक गोष्ट सांगतो, जिच्या आठवणीने मला अजून ओकारी येते. कुशीनगरचा मुक्काम होता. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. त्या सहा जणींतल्या जिंतूरच्या पंचफुला मावशींनी उपोसथ धरला होता, म्हणजे दुपारनंतर अन्नाचा कणही घेतला नव्हता. सकाळी त्यांच्या पोटात नुसता चहा होता. इतक्यात बस सुरू होईना. संघप्रिया फोन कानाला लावून ड्रायव्हरशी भांडत अंगणात गेली आणि जाता जाता ओरडली, "कुसुमआत्या, आज तुमी वाटा गोळ्या. तुमाला ठाऊकच हाय की!"

कुसुमबाईही त्या सहांतल्याच. त्यांना ठाऊक होते, पण त्यांच्या बाजूने. सहा दिवस त्या संघप्रियाच्या समोर बसत होत्या. आज त्या मोठ्या मानाने तिच्या जागेवर जाऊन बसल्या. मी पडलो गोल. मला ना पुढा ना मागा. समोरची वाटी अलीकडे आली आणि अलीकडची समोर गेली. कुसुमबाईंच्या साखरेच्या दोन गोळ्या पंचफुला मावशींच्या तळहातावर पडल्या आणि मावशींची गोळी कुसुमबाईंच्या पोटात गेली, ती निभावली. मावशींना साखरेचा आजारच नव्हता, त्यांना फक्त बीपी होते. मी ओरडलो असतो, पण स्टीलला जीभ नसते. बाकीच्या चौघींच्या गोळ्या बीपीच्याच होत्या, एकीच्या दुसरीला गेल्या, त्यांचे निभावले. मावशींनी डोळे मिटून, हात जोडून त्या दोन गोळ्या गिळल्या.

तासाभराने विहाराच्या पायऱ्यांवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्या कोसळल्या. उजवे मनगट पायरीच्या दगडावर आपटले. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी साखर तपासली, सलाईन लावले आणि संघप्रियाला विचारले, "शुगर की दवा लेती हैं?" ती म्हणाली, "नहीं. कल से कुछ खाया नहीं था." तेव्हा ती खरेच बोलत होती.

मग ती बाहेर आली. कुसुमबाई मला मांडीवर घेऊन बाकावर रडत बसल्या होत्या. संघप्रियाने विचारले, "आत्या, सकाळी मावशीला कोणच्या वाटीतली दिली?" कुसुमबाईंनी बोट दाखवले. संघप्रियाचा चेहरा राखेसारखा झाला. आत डॉक्टर पाच पावलांवर होता. पाच पावले, मित्रांनो! साखरेची गोळी पोटात आहे हे कळले असते तर त्याने वेगळी काळजी घेतली असती. पण मावशींनी आत डोळे उघडले होते, पाणी मागितले होते. संघप्रियाने माझे झाकण लावले आणि ती गप्प बसली. मला त्या दिवशी तिची किळस आली. आजवर मी हे कोणाला सांगितलेले नाही, कारण ती माझ्या घरची लेक आहे.

घरी परतल्यावर तर कहर झाला. पंचफुला मावशींचा मुलगा सुगत जिंतूरला शाळेत शिकवतो. त्याने सगळ्यांसमोर संघप्रियाच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाला, "ताई नसत्या तर आमची आई हाती लागली नसती." टाळ्या पडल्या. मावशीही वाजवायला गेल्या, पण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाले तेव्हा मनगट वाकडे जुळलेले होते. ज्या बाईने पन्नास वर्षे भाकऱ्या थापल्या, तिला आता पिठाचा गोळा वळता येत नव्हता. ती शाल आमच्या घरी खुंटीवर लटकत होती.

थंडीच्या सहली जवळ आल्या तेव्हा टूरवाले रामहरी शेठ यांचा फोन आला. "बाई, आमचा विमा आमच्या कंपनीपुरता हाय. तुमी आमच्या नोकरीत न्हाईत. तुमच्या चुकीनं प्रवाशाला काय झालं अन् त्यानं भरपाई मागितली, तर त्यो विमा तुमचा तुमाला पायजे. कागद आणा, न्हाईतर यंदा दुसरा माणूस पाठवतो." एका हिवाळ्याच्या चार सहलींवर या घराचे वर्ष चालते. संघप्रिया म्हणाली, "हाय की माझ्याकडं विमा," आणि तिने मागच्या वर्षीचा कागद काढला.

तो कागद तिने आयुष्यात पहिल्यांदा वाचला. तो अपघात विमा होता. सहलीत संघप्रियाचा पाय मोडला तर पैसे मिळणार होते. तो तिच्या पायाचा विमा होता, तिच्या चुकीचा नव्हता. एजंट ओमप्रकाशने पेन्सिलीने फुली मारली होती आणि फुलीवर तिने सही केली होती.

ओमप्रकाशला बोलावणे गेले. हा गृहस्थ आला, माझे झाकण उचलून त्यावर चहाचा कप ठेवला आणि थुंकीने बोट ओले करत कागद उलटू लागला. मला आंघोळ करावीशी वाटली. तो म्हणाला, "ताई, तवा तुमी मनलात विमा द्या, मी विमा दिला. आता ह्यो बगा, लायबिलिटीचा, मंजे तुमच्या चुकीच्या भरपाईचा. एकदम सस्ता. मिळाला की शेठच्या तोंडावर फेका."

पण दुधाने तोंड भाजलेल्या माणसासारखी संघप्रिया ताकही फुंकू लागली होती. तिने चारही पाने वाचली. "भाऊ, ह्याच्यात भारताच्या हद्दीत मनून लिवलंय. लुंबिनी नेपाळात हाय."

"दोन दिवसांचाच तर सवाल हाय. तिकडं काय व्हायलंय?"

"अन् वकिलाचा खर्च ह्याच्यात न्हाई."

"तुमाला कागद पायजे का कोर्टात जायचंय?" ओमप्रकाश हसला. अशी हसणारी माणसे मला हळदीत घातलेल्या रंगासारखी वाटतात.

शेवटी कुरकुरत त्याने तिसरा कागद काढला. हा महाग होता, पण खरा होता. नेपाळ धरलेले, वकील धरलेला, रक्कम पुरेशी. ओमप्रकाश पुन्हा पेन्सिलीने फुल्या मारू लागला, तेव्हा संघप्रियाने पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली आणि अर्ज स्वतः वाचत गेली. एका प्रश्नापाशी तिचे बोट थांबले. तो प्रश्न असा होता: आपल्या कामातील चुकीमुळे कोणाचे नुकसान झाल्याची, आणि त्यातून पुढे भरपाईची मागणी येऊ शकेल अशी, एखादी घटना आपणास ठाऊक आहे काय?

"न्हाई लिवा," ओमप्रकाश म्हणाला. "सगळे न्हाईच लिवत्यात."

ती पान उलटून कशाकशाची भरपाई मिळणार नाही ती यादी वाचू लागली. त्यात एक ओळ होती, औषधे देणे, वाटणे किंवा सुचवणे यांतून झालेले नुकसान. तिने ती ओळ दोनदा वाचली.

"भाऊ, मंजे गोळ्या वाटणं हे माझ्या कामात बसतच न्हाई?"

"कसं बसंल? तुमी काय डाक्टर हाव का नर्स? गोळ्या द्या मनून तुमाला सांगितलं कोणी?"

मित्रांनो, इतक्या वेळात त्या माणसाच्या तोंडून निघालेले हे एकच वाक्य स्वच्छ होते. संघप्रिया माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पेन घेतला, त्या प्रश्नापुढे 'होय' लिहिले आणि खाली कुशीनगरची सगळी हकीकत लिहून काढली. वाट्या, फोन, कुसुमबाई, साखरेच्या गोळ्या, पाच पावलांवरचा डॉक्टर आणि आपले गप्प बसणे.

ओमप्रकाश ताडकन उठला. "तुमी आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायलाव! कंपनी विमा नाकारंल, शेठला कळंल, त्या बाईच्या पोराला कळंल. तुमाला काय येड लागलंय का?"

"त्याला मीच सांगणार हाय," संघप्रिया म्हणाली. "कागद कंपनीत जायच्या आधी मावशीच्या कानावर जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून ती जिंतूरच्या एसटीत बसली. पंचफुला मावशी ओसरीत बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होत्या. "जय भीम, माय! ये ये," म्हणून त्या उठू लागल्या. संघप्रियाने त्यांना उठू दिले नाही. उभ्या उभ्याच तिने सगळे सांगून टाकले. मधे रडली नाही, हे मला बरे वाटले. सुगत दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आमी तुमाला शाल दिली," तो म्हणाला. "चारचौघांत! अन् तुमी ती घेतली?"

"घेतली, सर."

"उद्या मी केस केली तर?"

"करा. मी लिहून दिलंय. मी न्हाई मनणार न्हाई."

मावशींनी मला पिशवीतून बाहेर काढायला लावले. झाकण उघडून एका वाटीतली उरलेली गोळी चिमटीत धरली आणि विचारले, "ही कशाची हाय?"

संघप्रियाने गोळी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. कापताना नाव गेले होते. "सांगता येत न्हाई, मावशी."

"म्हंजी तुलाबी ठाऊक न्हाई अन् मलाबी ठाऊक न्हाई," मावशी म्हणाल्या. "आगं, आमी काय शेरडं हाव का मुठीतनं पाला चारायला? सा दिवस हातावर ठिवलंस अन् आमी गिळलं. एक दिस मनली न्हाईस की मावशी, ही ह्याची हाय, ही त्याची. आमी अडाणी हाव, मनून काय आमाला कान न्हाईत? मला त्या गोळीचा राग न्हाई. गोळी चुकंल. मला राग याचा हाय."

संघप्रिया तिथेच ओसरीवर खाली बसली. मला वाटत होते की कौतुकाचा तो सगळा काळ मी उगाच सहन केला. त्या सहा जणींचे हात पुढे यायचे तेव्हा त्यांत प्रेम होते, पण त्यांच्या विश्वासाखाली 'ही कशाची?' हा प्रश्न दडला होता, तो ना तिला कळला ना मला. मावशींनी 'माफ केलं' असे त्या दिवशी म्हटले नाही. आतून आपल्या गोळ्यांचे पाकीट आणून त्यांनी तिच्या मांडीवर टाकले. "वाच," त्या म्हणाल्या. "मला तोंडपाठ होईस्तोवर वाच." उन्हे ओसरीतून अंगणात उतरली तरी ते चालले होते.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचे उत्तर आले. विमा मिळाला, पण हप्ता वाढवून. कुशीनगरची घटना त्यातून वगळली होती. म्हणजे सुगतने दावा केलाच तर तो संघप्रियाला एकटीला सोसावा लागणार होता. सुगतने दावा केलेला नाही आणि करणार नाही असेही म्हटलेले नाही. रामहरी शेठनी कागद पाहिला, त्यातले 'होय' वाचून जरा वेळ डोके खाजवले आणि चारांपैकी दोन सहली दिल्या. "दोन आधी नीट करून दाखवा, मग बगू," एवढेच ते बोलले.

पहिल्या सहलीच्या आधी परभणीच्या विहारात प्रवाशांची बैठक झाली. चाळीस माणसे सतरंजीवर बसली होती आणि मी टेबलावर, सातही वाट्या रिकाम्या. संघप्रियाने सगळ्यांना सांगितले की यापुढे ती कोणाची गोळी सांभाळणार नाही आणि वाटणार नाही. कुजबुज सुरू झाली. "मंग आमी काय करावं? आमाला काय वाचता येतंय?" एक जण तर म्हणाली की बाई शेफारली.

तेव्हा मागून पंचफुला मावशी उठल्या. सहलीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. त्या सुगतबरोबर जिंतूरहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी वाकडे मनगट सगळ्यांना दिसेल असे वर धरले.

"ही बगा," त्या म्हणाल्या. "न इचारता गिळलं की असं व्हतं. आता एक-एकीनं आपलं पाकीट काढा अन् सांगा, कशाची हाय. ज्याला सांगता येईना त्यानं आज इथंच बसून शिकावं. वाचता येत न्हाई, पर ध्यानात तर ठिवता येतंय ना?"

दोन तास लागले. कोणी लाजले, कोणी चिडले, एक म्हातारी दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा बरोबर बोलली. सुगत एकेकीजवळ खाली बसून पाकिटावरचे नाव वाचून दाखवत होता. संघप्रियाशी मात्र तो एक शब्द बोलला नाही.

मित्रांनो, मला आता बरेच जण विचारतात की तू परत मसाल्याचा का झाला नाहीस. मी अजून रिकामाच आहे, कारण तो वास निघत नाही आणि संघप्रियाही मला घासून घासून तो काढायचा प्रयत्न करत नाही. तुम्हाला एवढेच विनवतो. कोणी मायेने पुढे केले म्हणून काही गिळू नका. कोणी फुली मारून दिली म्हणून सही करू नका. आणि तुम्ही स्वतः कोणाची काळजी घेत असाल, तर तिच्या हातावर काय ठेवता ते तिला सांगत जा. न सांगता केलेल्या काळजीची मला किळस येते, आणि मी ती पोटात वाहिली आहे.

विहारातल्या त्या बैठकीत सगळ्यांत शेवटी उरल्या होत्या कुसुमबाई. आपल्या हातून काय झाले ते त्यांना कळले होते. त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे बसल्या होत्या. पंचफुला मावशी त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काढ तुझं पाकीट."

कुसुमबाईंनी ते काढले.

"कशाची हाय?"

"साकरंची. सकाळी, खाल्ल्यावर."

"कोणाची हाय?"

"माझी."

"दुसरीनं मागितली तर?"

कुसुमबाईंना हुंदका आवरेना. मावशींनी आपला वाकडा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, पण उत्तर आल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

"न्हाई द्यायची," कुसुमबाई म्हणाल्या.